नाव आधी, मत नंतर



मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. ते खरेच आहे. पण कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला मोठ्या शब्दांपेक्षा कागद अधिक कळतो. मस्टरवर नाव नसले, तर दिवसभर घाम गाळूनही मजुरी मिळत नाही. मतदारयादीचेही तसेच आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम सांगते की, यादीत नाव नाही त्याला मत नाही. खिशात ओळखपत्र असले तरी नाही. म्हणजे मत बुडते ते मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. एवढेच मला आज सांगायचे आहे.

इंग्रजी अमदानीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेला होता. आपल्या भागातील अहेरी, धानोरा, मुरमगाव या जमीनदाऱ्या तर १९३५ च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरल्या होत्या. राज्यघटनेने २१ वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. १९८९ पासून ते वय १८ झाले. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. का? त्यांनी आपली ओळख ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ अशी दिली. स्वतःचे नाव सांगितलेच नाही. हक्क घटनेत होता, नाव यादीत नव्हते.

आज ही पाळी कोणावर येते? आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. उन्हाळा आला की माणसे तेंदूपानासाठी रानात असतात. पडताळणीला कर्मचारी येतो, तेव्हा घराला कुलूप. शेजारी म्हणतो, “गेले ते.” झाले, नाव कापले जाण्याची वाट मोकळी! पण कायदा असा नाही. १९५० च्या कायद्यानुसार, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही. नाव वगळण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि निर्णय पटला नाही तर अपीलही करता येते. मात्र ती संधी मागायला कोणीतरी जागे हवे.

आता रीत ऐका. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६, घर बदलले किंवा चूक सुधारायची असेल तर नमुना ८. पूर्वी वयाची १८ वर्षे १ जानेवारीलाच मोजत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. अर्ज गावच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, तहसील कचेरीत किंवा मोबाइलवरून देता येतो. पोच घेतल्याशिवाय हलू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते नवे नाव चढत नाही.

आपला मतदारसंघही नीट पाहा. ब्रह्मपुरी आणि चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात, पण लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. वेळही विचारून ठेवा. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली, आरमोरी, अहेरी येथे मतदान दुपारी ३ वाजताच संपले. ब्रह्मपुरी-चिमूरला ते ६ पर्यंत चालले. ‘ऊन उतरल्यावर जाऊ’ म्हणणाऱ्याचे मत तेथे गेलेच. केंद्रावर आपल्या नावावर आधीच कोणी मत दिलेले आढळले, तर मुकाट्याने परतू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा.

मजूर म्हणेल, रोज कोण देणार? कायद्याचे कलम १३५-ख सांगते की, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी, रोजंदारीवाल्यालाही. मोडणाऱ्या मालकाला दंड अवघा पाचशे रुपयांपर्यंत आहे, हे खरे. पण हक्क हक्कच आहे, आणि तो मागितल्याखेरीज पदरात पडत नाही.

आपण शहरातली वाचती-लिहिती मंडळी आहात. या सुट्टीत मतदारयादी उघडा. आधी आपल्या घरातील नावे पाहा. मग घरी भांडी घासणाऱ्या बाईंचे, सायकलरिक्षा ओढणाऱ्याचे, बांधकामावरच्या मजुराचे नाव त्यांच्या गावच्या यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर अर्ज भरून द्या. त्यांनी मत कोणाला द्यावे, हे मात्र सांगू नका. ते त्यांचे त्यांना कळते.