आजारी शिपायाची रजा
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपण आवडीने ऐकतो. परंतु छावणीत तापाने फणफणत पडलेल्या शिपायाची आठवण इतिहासाला क्वचितच होते. आज त्याच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनापती वॉशिंग्टन यांचे सुमारे १२,००० सैन्य डिसेंबर १७७७ ते जून १७७८ पर्यंत व्हॅली फोर्ज येथे तळ देऊन होते. तेथे एकही लढाई झाली नाही. तरीही तळावर व आसपासच्या रुग्णालयांत मिळून सुमारे २,००० माणसे हगवण, विषमज्वर व इतर सांसर्गिक ज्वरांनी दगावली.

रोगाचे हे सामर्थ्य वॉशिंग्टन यांनी आधीच ओळखले होते. तरुणपणी, १७५१ साली, त्यांना स्वतःला देवी आल्या होत्या. फेब्रुवारी १७७७ मध्ये त्यांनी सैन्यास देवी टोचण्याचा हुकूम दिला. गायीच्या देवीची लस तेव्हा निघालेली नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य देवी आणवीत. असा शिपाई काही आठवडे बिछान्यास खिळे. ऐन युद्धात धडधाकट माणसांना आजारी पाडून विश्रांती देण्याचे हे धाडस होते! शत्रूला सुगावा लागू नये म्हणून सारा बेत गुप्त ठेवावा लागला.

पुढे बॅरन फॉन श्टॉयबेन यांनी रचलेली सैन्याची नियमावली १७७९ साली काँग्रेसने मान्य केली. आजाऱ्यांची यादी रोज सकाळच्या हजेरीस तयार करून वैद्याकडे विनाविलंब पोहोचवावी, मृताच्या अंथरुणातील पेंढा जाळून टाकावा, असे नियम तीत होते. सर्वांत मोलाचा नियम असा, की आजारातून उठलेल्या शिपायास पुरेशी शक्ती येईपर्यंत कामावर लावू नये, आणि ती आली की नाही हे वैद्याने ठरवावे. कामाची निकड असलेला अधिकारी या बाबतीत निःपक्षपाती राहू शकत नाही, हे त्या अनुभवी सेनानीने जाणले असावे.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी अनेकांच्या हाताखाली माणसे राबतात. ‘आज अंगात ताप आहे’ असे कोणी म्हणताच आपल्या मनात प्रथम शंका येते, ती कामचुकारपणाची! त्या क्षणी व्हॅली फोर्जची ती २,००० माणसे आठवावीत, आणि निवाडा वैद्यावर सोपवावा, एवढीच माझी विनंती आहे.