आधी मनात, मग मैदानात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी क्रीडा सप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी केलेलं भाषण)



"सर, तुम्ही खेळाचे शिक्षक होता, मुलांना दोन शब्द सांगा," असा कमिटीचा आदेश आहे. नेहमीचे दोन शब्द म्हणजे 'जिंकून या'. ते मी आज सांगणार नाही. कारण त्यापायी माझ्या हातून एकदा चूक झाली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या खो-खोच्या संघात एक फार चपळ मुलगी होती. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "रात्री डोळे मिट आणि कप हातात आलेला बघ." तिनं बघितला. दुसऱ्या दिवशी पाठलाग करताना खो मिळायच्या आधीच ती उठली. फाउल झाला. मग तिचे पायच उचलेनात. हरलो, त्याचं काही नाही. पण पुढे ती खेळायलाच आली नाही, हे मला अजून लागतं. मी तिला शेवट दाखवला, वाट दाखवलीच नाही.

वाट दाखवणं म्हणजे काय, ते पुढे वाचून कळलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मायकेल फेल्प्स २०० मीटर बटरफ्लाय पोहत होता. गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी तर काहीच दिसेना. तो घाबरला नाही. हात मोजत भिंतीपर्यंत गेला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. त्याचे कोच बॉब बोमन त्याला लहानपणापासून रोज मनातल्या मनात शर्यत पोहायला लावत. नुसती सुरळीत नाही, बिघडलेलीसुद्धा!

आपला सचिन तेंडुलकर घ्या. पहिली दहा-बारा वर्षं सामन्याच्या आधी त्याला रात्र-रात्र झोप लागत नसे, असं त्यानंच २०२१ मध्ये सांगितलं. सामना त्याच्या डोक्यात आधीच सुरू झालेला असायचा. पुढे त्यानं ही बेचैनी तयारीचाच भाग म्हणून स्वीकारली. तेव्हा पोरांनो, आज रात्री पोटात गोळा आला तर घाबरू नका.

आता करायचं काय? पाच मिनिटं शांत बसा. आजी विचारेल, "जपी गया का रे?" विचारू द्या! आपलंच मैदान डोळ्यांसमोर आणा. पायाखालची माती, बाजूचा गलका, सगळं. स्वतःला टीव्हीवर बघितल्यासारखं बघू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खऱ्या वेगानं धावा. मग मुद्दाम एक चूक होऊ द्या. कॅच सुटला, फाउल झाला. आणि पुढचा श्वास, पुढचं पाऊल काय, ते बघा. मनात हालचाल करताना मेंदूतले काही भाग खऱ्या हालचालीसारखेच कामाला लागतात, म्हणून याचा उपयोग होतो.

पण सकाळी मैदानात घाम गाळावाच लागेल, त्याला सुटका नाही. आपल्या गावचे केकी मूस वर्षानुवर्षं क्वचितच घराबाहेर पडले, तरी टेबलावर निसर्ग मांडून त्यांनी फोटो काढले. चित्र आधी मनात होतं हे खरं. पण त्यासाठी हात किती राबले असतील!

शेवटी पालकांना एक विनंती. पोरगं घरी आलं की "जिंकलास का?" हे आधी विचारू नका. "चुकल्यावर काय केलंस?" असं विचारा. त्या मुलीला मी तेवढं विचारलं असतं, तर कदाचित ती दुसऱ्या दिवशी मैदानावर आली असती.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.