टिप्याचा ताप, पपईचा रस आणि डॉक्टरांचं म्हणणं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे अं-अं केलं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा, मागच्या वेळी दोघा-तिघांनी तक्रार केली होती.

आजचा विषय घरातला आहे. ज्यांच्या दारात कुत्रं आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका. ज्यांच्या दारात नाही त्यांनीही ऐका, कारण तुमच्या ग्रुपवर कुणीतरी कधीतरी विचारणारच आहे, "कुत्र्याला ताप आलाय, घरगुती काही आहे का?"

आधी माझी गोष्ट सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घर तासगाव तालुक्यात, द्राक्षाचं गाव. घरी टिप्या आहे. अर्धा गावठी, अर्धा कारवान. पाय लांब, पोट आत आणि पळायला लागला की दिसतच नाही. बाबांनी जतकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलेला.

गेल्या पावसाळ्यात मी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी होतो. एका सकाळी टिप्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. हात लावला तर अंग गरम. कानात बघितलं तर गोचिडांची रांग. आजी म्हणाली, "आरं, डेंग्यूला तुझ्या आत्त्याला पपईच्या पानांचा रस दिलता न्हवं? पेशी वाढल्या. ह्याला बी दे."

आता मी बीटेक झालेला माणूस. मी काय केलं असेल? मोबाईल काढला, सर्च केलं. दहा व्हिडिओ आले, सगळे म्हणतायत पपईचा रस द्या, प्लेटलेट वाढतात. म्हटलं, आजी आणि इंटरनेट दोघांचं एकमत म्हणजे बरोबरच असणार. चार दिवस सकाळ-संध्याकाळ सिरिंजने रस पाजला. दुसऱ्या दिवशी तो थोडा उठून बसला तर घरात सगळ्यांना वाटलं, बघा, गुण आला!

पाचव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं.

मग मात्र गाडी काढली आणि सांगलीला नेला. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, पांढऱ्या पडलेल्या. रक्त घेतलं. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. टिप्याच्या बावीस हजार होत्या. निदान झालं एर्लिकिया, म्हणजे आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो त्यातला एक प्रकार. गोचीड चावताना एक जीवाणू आत सोडतो, तो पांढऱ्या पेशींत शिरतो. वेळेत पकडला तर डॉक्सीसायक्लिन नावाचं स्वस्त, जुनं औषध असतं, साधारण चार आठवड्यांचा कोर्स. उशीर झाला तर तो आजार हाडांच्या मगजापर्यंत जातो, जिथे रक्त तयार होतं, आणि मग औषध असूनही हातात फार काही राहत नाही.

टिप्या वाचला. सलाईन, इंजेक्शनं, महिनाभर गोळ्या. पण डॉक्टर मला म्हणाले ते डोक्यातून जात नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "रसाने त्याचं काही बिघडवलं नाही. पण तुम्ही पहिल्या दिवशी आला असतात तर हे सगळं चारशे-पाचशे रुपयांत आटोपलं असतं. रस देत असतानाही येता आलं असतं की."

त्या वाक्यामुळे हा एपिसोड झाला. म्हटलं, आपण घरगुती उपाय करतो तेव्हा डॉक्टर लोक मनात काय म्हणत असतील? म्हणून तिघांशी बोललो. एक सांगलीतले हेच, कुत्र्या-मांजरांचे. दुसरे सातारा जिल्ह्यात सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले, आयुष्यभर गाई-म्हशी बघितलेले. तिसरी एका मित्राची बहीण, शिरवळला शिकलेली. खंबाटकी घाट उतरून पुण्याकडे जाताना शिरवळ लागतं ना, तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासून. आपण शंभर वेळा त्याच्या समोरून जातो, लक्ष नसतं. तिघांची नावं सांगत नाही, तसंच ठरलं होतं.

मला वाटलेलं, तिघंही म्हणतील "सगळं थोतांड." तसं कुणीच म्हणालं नाही.

निवृत्त डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, "गाईच्या कासदाहाला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावतात, माहितेय का?" हा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्वतः शेतकऱ्यांना शिकवतं: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. त्यामागे कारण आहे. गाईला अँटिबायोटिक दिलं की ते दुधात उतरतं, आणि ते दूध आपण पितो. म्हणून जिथे पाल्याने काम भागतं तिथे भागवायचं. त्यात प्रमाण ठरलेलं आहे, कुठल्या आजाराला ते ठरलेलं आहे, कासेला लावायचं हे ठरलेलं आहे.

"आणि मग," ते म्हणाले, "लोक तोच लेप कुत्र्याच्या जखमेला लावतात. गाय कास चाटत बसत नाही हो. कुत्रं चाटतं. चुना पोटात जातो, तोंड भाजतं."

हा मुद्दा मला कधी सुचलाच नव्हता. कुत्र्याच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट ही पोटात दिलेली गोष्ट आहे. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजचा एपिसोड वसूल.

आता या नियमाने आपल्याकडचे उपाय तपासूया. हे तिघांच्याही बोलण्यात आलेले आहेत, आपल्याच गावांतले.

गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी. निकोटिन हे विष आहे, कातडीतूनही जातं आणि चाटलं तर आणखी. थरथर, उलट्या, झटके.

खरुजेला गाडीचं जळकं ऑईल किंवा रॉकेल. कातडी भाजते, चाटलं की पोटात, उलटी करताना फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया.

जखमेत अळ्या झाल्या की डांबरगोळीची पूड. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. अळ्या मरतील, कुत्रंही मरेल.

उवा-गोचिडांना सीताफळाच्या बियांची पूड. उवा मरतात, खोटं नाही. पण ही पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, कुत्र्याच्याही आणि लावणाऱ्याच्याही.

जंतासाठी लसूण. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याला चालतं म्हणून त्याला चालतं असं नाही.

आता आपल्या तालुक्याचा लाडका उपाय. अशक्तपणाला बेदाणे! सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, घरात पोत्याने असतो, बाळंतिणीला देतो, म्हाताऱ्यांना देतो. मग आजारातून उठलेल्या कुत्र्याला मूठभर का नको? तर नकोच. द्राक्ष आणि बेदाणे खाऊन कुत्र्याच्या किडन्या बंद पडू शकतात. एखादं कुत्रं खाऊन मजेत फिरतं, दुसरं मूठभरात जातं. हे असं का, ते बरीच वर्षं कळत नव्हतं. अलीकडे संशय टार्टारिक अॅसिडवर आहे, जे द्राक्षात असतं आणि चिंचेतही. म्हणजे चिंचेचं सारही नको. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हे सांगितलं की तासगावचे लोक हसतात, "आमची कुत्री बागेतच वाढली" म्हणतात. वाढली असतील. जी गेली त्यांचं कारण कुणी तपासलं नाही, एवढंच.

आणि मेडिकलमधून आणलेली माणसांची गोळी हाही घरगुती उपायच. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने द्यायची नाही, आणि मांजराला तर कधीच नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते.

बरं, मग चालतं काय? विचारलं मी. शिरवळवाली ताई म्हणाली, चालतं की बरंच. एकदा जुलाब झाला, कुत्रं खेळतंय, पाणी पितंय, मोठं आहे, तर दिवसभर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला नको. भोपळा उकडून दिला तरी चालतो. किरकोळ खरचटलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, त्यात काही भरू नका. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीला वजन कमी करणं, रोज थोडं चालवणं, फरशीवर पोतं अंथरणं. तिचं म्हणणं, सांधेदुखीवर वजन कमी करण्याइतका गुणकारी घरगुती उपाय दुसरा नाही, पण तो कुणाला नको असतो, कारण त्यात बिस्किटं बंद करावी लागतात.

होमिओपॅथीचंही विचारलं, कारण आपल्याकडे पुष्कळ जण साबुदाण्यासारख्या गोळ्या देतात, "साइड इफेक्ट नाही" म्हणून. इंग्लंडमध्ये पशुवैद्यकांची जी रॉयल कॉलेज नावाची नियामक संस्था आहे, तिने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की होमिओपॅथीला मान्य पुराव्याचा आधार नाही, आणि असे उपचार करायचेच तर नेहमीच्या उपचारांसोबत करा, त्यांच्या जागी नको. आमच्या तिघांचं मतही फिरून तिथेच येत होतं. सोबत चालेल, ऐवजी नको.

"पण आमच्या कुत्र्याला गुण आला होता!" हे तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे, मीही दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. २०१२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. सांधेदुखीने लंगडणारी ५८ कुत्री, त्यांना औषध नसलेली खोटी गोळी. कुत्रं जमिनीवर किती भार टाकतं हे मोजणाऱ्या पट्टीवर त्यांना चालवलं. पट्टी सांगत होती की सुधारणा नाही. तरी मालकांना सुमारे ४० टक्के वेळा वाटलं की कुत्रं सुधारलंय. आणि गंमत म्हणजे तपासणारे डॉक्टरही जवळपास तितकेच फसले. कुत्र्याला गोळी खरी की खोटी काय कळणार? कळत होतं ते आपल्याला, आणि आपल्याला तो बरा व्हायला हवा होता.

त्यात गोचीड तापासारखा आजार मध्येच उतरल्यासारखा दाखवतो. टिप्या दुसऱ्या दिवशी उठून बसला तो रसाने नाही. ताप उतरला होता, आजार नाही.

आता थोडं डॉक्टरांकडेही बोट दाखवूया, कारण सगळी चूक आजीवर ढकलणं सोपं आहे. मी सांगलीच्या डॉक्टरांना म्हटलं, लोक येत नाहीत कारण गावातून कुत्रं आणायचं कशातून? एसटीत घेत नाहीत, रिक्षावाला नाही म्हणतो, एक मजुरी बुडते. ते म्हणाले, "खरं आहे. आणि आमचंही चुकतं. घरगुती काही दिलं का विचारताना आमचा आवाज असा असतो की लोक खोटं बोलतात. मग काय पोटात गेलंय ते कळत नाही आणि मी अंधारात इंजेक्शन देतो." निवृत्त डॉक्टर म्हणाले, खेड्यातला दवाखाना गुरांसाठी उभा राहिला, कुत्रं घेऊन आलेल्या माणसाला तिथे अजून ओशाळल्यासारखं होतं. ओशाळू नका, घेऊन जा. आणि गाडीच नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर सेव्ह करा, पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यांचा आहे. फोन लावून विचारायला पैसे पडत नाहीत.

थांबायचं नाही अशी वेळ कुठली? तिघांनीही जवळपास सारखीच यादी दिली. लहान पिल्लाला उलटी आणि रक्ताचे जुलाब: हा पार्वो असू शकतो, पिल्लू दोन-तीन दिवसांत पाणी संपून मरतं, ताक-डाळिंबाच्या सालीने थांबत नाही. हिरड्या पांढऱ्या. लघवी कॉफीसारखी. नाकातून रक्त. झटके. चोवीस तास अन्नाला तोंड नाही आणि अंग गरम.

आणि एक गोष्ट जिथे "सोबत चालेल" हेसुद्धा लागू नाही. रेबीज. कुत्रं चावलं, माणसाला किंवा तुमच्या कुत्र्याला, तर जखमेत मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही, मंत्र मारून घेत बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. मग माणसाने सरकारी दवाखान्यात लसीला जायचं आणि कुत्र्याला त्याच्या डॉक्टरकडे न्यायचं. लक्षणं दिसल्यावर या आजाराला ना पाला आहे ना इंजेक्शन. तुमच्या कुत्र्याची लस राहिली असेल तर या रविवारी उरकून टाका.

शेवटी आजीचं सांगतो. टिप्या घरी आला तेव्हा ती दारात बसली होती, कुणाशी बोलेना. तिला वाटत होतं, आपणच मारला असता. मी म्हटलं, आजी, तू सांगितलंस पण पाजला मीच, आणि दहा व्हिडिओ बघून पाजला. तू तरी आत्त्याचा अनुभव सांगत होतीस, मी तर अनोळखी माणसांचं ऐकलं. आता ती रोज संध्याकाळी चष्मा लावून त्याच्या कानातली गोचिडं बघते. एक सापडलं की मला पुण्याला फोन. डॉक्टर म्हणाले, ह्याच्याइतका चांगला घरगुती उपाय त्यांच्याकडेही नाही.

तर मंडळी, तुमच्याकडे कुत्र्याला काय देतात, कोणी काय सांगितलं, गुण आला की अंगलट आलं, मला व्हॉइस नोट पाठवा. लाजू नका, मी आधी सांगून बसलोय. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि आज घरी गेल्यावर कान बघा. स्वतःचे नाही, त्याचे!