कातळावरची जुनी जीप

सोलापूर जिल्हा म्हटला कीं काळ्या मातीचें सपाट रान डोळ्यांपुढें उभें राहतें. पण बार्शीकडील बालाघाटच्या फांट्यांवर गेलें म्हणजे त्या मातीचा जनक असलेला कातळ ठिकठिकाणीं उघडा पडलेला दिसतो. अशा खडकाळ वाटांसाठीं जुनी छोटी जीप नव्यानें बांधून घेण्याची हौस कांहीं मंडळींस असते. त्या बांधणीचें मर्म आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१९४१ सालीं विलिस कंपनीची ही गाडी अमेरिकन लष्करासाठीं तयार होऊं लागली. पुढें मुंबईच्या महिंद्र कंपनीनें विलिसच्या जीपांची जुळणी आपल्या देशांत केली, म्हणून तिचे सांगाडे आपल्याकडे ओळखीचे आहेत. पुढल्या व मागल्या चाकांतील अंतर ८० इंच आणि एंजिनाची शक्ति अवघी ६० अश्वांची. एवढ्या शक्तीवर कातळ चढतां येईल काय, अशी शंका साहजिक आहे.

तिचें उत्तर गिअरांत आहे. युद्धोत्तर नागरी जीपमध्यें पहिला गिअर आणि चारहि चाकांना जोर पुरविणाऱ्या पेटींतील खालचा गिअर एकत्र टाकला, कीं एंजिनाचे सुमारें ३७ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. मिनिटास ८०० फेऱ्यांवर गाडी तासाला जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे पायीं चालणाऱ्या माणसाहूनहि हळू जाते. खडकावर हाच संथपणा हवा.

दुर्दैवानें हौशी माणूस प्रथम मोठे टायर घेतो. मूळच्या सुमारें २८ इंची चाकांऐवजीं ३३ इंची चाकें बसविलीं, तर तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जवळजवळ सहाव्या हिश्श्यानें अधिक धांवते. म्हणजे जोर तितकाच उणावतो. शिवाय गाडी उंच होते. जीपची रुंदी अगोदरच बेताची. डाव्या व उजव्या चाकांतील अंतर चार फुटांहून फारसें अधिक नाहीं. उंची वाढली कीं आडव्या उतारावर ती उलटण्याचें भय वाढतें.

त्यापेक्षां डिफरेन्शिअलकडे लक्ष द्यावें. एक चाक अधांतरीं राहिलें, कीं तेंच मोकळें फिरतें आणि दगडावर टेकलेलें चाक स्वस्थ बसतें. दोन्ही चाकें एकत्र जखडणारें लॉक ही अडचण दूर करतें. मग पाटे लवचिक आहेत कीं नाहींत तें पाहावें, गाडीच्या पोटाखालीं जाड पोलादी पत्रा लावावा, आणि ब्रेक नवे करावे. कारण चढण्याहून उतरणें अवघड.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें ठरविलेल्याहून निराळा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हीच भूमिका घेतली. एंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधीं घ्यावी लागते. म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जावें. चासी कापल्यावर पश्चात्ताप करून ती पूर्ववत् होत नाहीं.

जुन्या जीपमध्यें जें मूळचें आहे तें बहुतांशीं पुरेसें आहे. तें नीट दुरुस्त करणें, हेंच तिच्या नव्या बांधणीचें पहिलें काम होय.