देवळाचे चित्र ही देवळाची नोंद

(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की गवंडी, पाथरवट, सुतार, लोहार या सर्वांची आठवण होते. देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु या कामाला आणखी एका माणसाला बोलावले पाहिजे. तो म्हणजे चित्रकार. त्याला काम पुरे झाल्यावर नव्हे, तर पहिली पहार लागण्यापूर्वी बोलावले पाहिजे. आजचे हे चार शब्द त्याच्या कामाविषयी आहेत.

देवस्थानाची इनाम जमीन असेल तर तिचा सात-बारा निघतो. गट नंबर, क्षेत्र, आकार सर्व त्यात सापडते. परंतु देऊळ दिसत कसे होते, शिखराला किती थर होते, दीपमाळ कोणत्या बाजूस होती, ओवरीच्या कमानी कशा होत्या, याचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही. ही नोंद कागद, पेन्सिल आणि पाण्यात कालवलेला रंग यांनी ठेवावी लागते.

असे काम मराठी माणसाला नवे नाही. १७९० च्या सुमारास पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. पेशवे दरबारातील इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी तो चित्रे काढी. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या त्या काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि शनिवारवाड्यात एक चित्रशाळा चालली. गंगारामाने वेरूळला जाऊन तेथील लेण्यांची चित्रे काढली. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यांनी वेरूळची २४ दृश्ये १८०३ साली लंडनला छापली. गंगारामाची कितीतरी चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका तांबटाच्या हातचा कागद परदेशात जपला जातो. मग आपल्या देवळाचे एक चित्र गावच्या दप्तरात का असू नये?

शिवाय वेरूळचे लेणे अखंड कातळातले आहे, ते जागचे हलत नाही. गावोगावची देवळे लाकूड, वीट, चुना आणि घडीव दगड यांची. ती दर पिढीला थोडीथोडी बदलतात. तेव्हा चित्राची गरज वेरूळपेक्षा त्यांनाच जास्त आहे.

सातारा जिल्ह्याने तर राजाच्या हातीही कुंचला पाहिला आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) स्वतः चित्रकार होते. रामायणाची चित्रे त्यांनी काढली, वेरूळ आणि अजिंठा यांवर ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि १९३८ साली औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभे केले. जुने डोळ्यांसमोर राहिले पाहिजे, ही त्यामागची तळमळ होती.

आता कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, फोटो काढला की झाले. फोटो अवश्य काढावेत. पण फोटो क्षणात निघतो, आणि चित्र काढणारा दोन-तीन तास एका जागी बसतो. एवढा वेळ पाहिल्यावर त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की हे असे का?

वाईच्या ढोल्या गणपतीचे उदाहरण घ्या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधविले. समोरून पाहणाऱ्याला भव्य मूर्ती आणि शिखर दिसते. पण चित्रकार घाटाच्या बाजूने फिरून आला की त्याच्या ध्यानात येते, मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची निमुळती आहे. का? तर कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि देऊळ सुरक्षित राहावे म्हणून. हे ज्याला माहीत नाही तो कारागीर उद्या म्हणेल, भिंत वेडीवाकडी आहे, सरळ करून देतो.

तासगावच्या गणपतीचेही तसेच. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या या देवळापुढे सात मजली गोपुर आहे. दक्षिणेकडील घडणीचे हे गोपुर सांगली जिल्ह्यात कसे आले? भाऊंच्या स्वाऱ्या कर्नाटकात झाल्या, तिकडची देवळे त्यांनी पाहिली, त्याची ही खूण आहे. गोपुराचा एकेक मजला मोजून कागदावर उतरवणाऱ्या मुलाला हा इतिहास वेगळा पाठ करावा लागत नाही.

जलरंगाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक असतो, खालचे सर्व दिसत राहते. म्हणून प्रथम फिका हात, तो वाळल्यावर गडद हात, असे जावे लागते. प्रथम पेन्सिलीने आखणी करायची. उभ्या रेषा गवंड्याच्या ओळंब्यासारख्या सरळ हव्यात, आणि दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे मिळत गेल्या पाहिजेत. ऊन सरकते तशी सावली सरकते, म्हणून जाणकार सावलीची हद्द आधीच आखून घेतो. आपला काळा दगड नुसत्या काळ्या रंगाने रंगविला तर कोळशासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की त्यात दगडाचा जिवंतपणा येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पांढऱ्याची. जलरंगात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. चुना दिलेले शिखर दाखवायचे असेल तर तेवढा कागद कोरा सोडतात. म्हणजे कुंचला बुडविण्यापूर्वीच ठरवावे लागते, की कोठे हात लावायचा नाही. एकदा तेथे रंग गेला की ते शुभ्रपण परत येत नाही.

जीर्णोद्धाराचाही नियम हाच आहे. काय नवे करायचे हे ठरविण्याआधी, कशाला हात लावायचा नाही हे ठरले पाहिजे. भक्तीच्या भरात घडीव दगडावर ऑइल पेंट चढतो. आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होतो, तेव्हाही ओल आतच कोंडते. कोरीव खांबाला फरशी चिकटवली की नक्षी झाकली जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पैसा श्रद्धेचाच असतो. पण काय होते हे समोर नसल्यामुळे काय गेले हेही कळत नाही. मेणवलीस नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवरची जुनी चित्रे आजही पाहावयास मिळतात. तेथे कोणी एकदा चुन्याचा हात फिरविला असता तर?

यासाठी खर्च फारसा नाही. प्रत्येक हायस्कुलात एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले असतात, चित्रकलेचे शिक्षक असतात. त्यांच्याकडून चार कागद करून घ्यावेत. पहिला देवळाच्या दर्शनी बाजूचा, दुसरा टेपने मोजून काढलेल्या तळाच्या नकाशाचा, तिसरा एखाद्या खांबाच्या किंवा चौकटीच्या नक्षीचा, आणि चौथा पार, पिंपळ, दीपमाळ यांसह सगळ्या परिसराचा. प्रत्येकावर तारीख, माप आणि काढणाऱ्याचे नाव असावे. मूळ प्रत समितीच्या दप्तरात ठेवावी, दुसरी काचेत घालून सभामंडपात लावावी, पण उन्हात लावू नये, कारण काही जलरंग उन्हाने उडतात. मुले चित्र काढीत असता पारावरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्याजवळ जरूर बसावे. ओवरी केव्हा पडली, घंटा कोणी दिली, हे त्यांनाच ठाऊक असते.

पन्नास वर्षांनी हे देऊळ पुन्हा दुरुस्तीला येईल. त्या वेळची समिती दप्तर उघडील, तेव्हा तिला जमाखर्चाच्या वह्यांबरोबर देवळाचे रूपही सापडावे. देणगीदारांनी दिलेल्या पैशाचा तो सर्वांत खरा हिशेब ठरेल. अशी बुद्धी श्रींनी सर्वांना द्यावी, एवढीच प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे करणे उचित होईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र!