काळजाशी बोलणारी तार

श्रोतेहो, बोरगाव मेघेतल्या आमच्या शेजारच्या मावशींना पेसमेकर बसवला. घरी आल्या आणि मला विचारू लागल्या, "भाऊ, हे तार मले शॉक त नाई देणार ना?" मी पडलो बी. ए. झालेला कवी. डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले.

शॉक म्हणावा असे त्या तारेत काही नसते. कातडीखालची डबी सहसा दोन-तीन व्होल्टचा ठोका देते, तोही अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. तो पोचतो टोकापाशी असलेल्या थोड्याशा पेशींपर्यंत. हृदयाच्या स्नायूची पेशी आतून, बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्ट ऋण असते. इशारा मिळाला की तिची दारे उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि ती शेजारणीला खबर देते. पुढचे काम हृदय स्वतःच करते.

अडचण भाषेची आहे. धातूत वीज वाहते इलेक्ट्रॉनांची, शरीरात आयनांची. दोघांची गाठ पडते तारेच्या टोकावर, काही चौरस मिलिमीटर जागेत. त्यात शरीर या टोकाला परके समजते. आधी सूज येते, मग व्रणाची भिंत उभी राहते. तेच बोलणे मोठ्याने करावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. 1980 च्या दशकात यावर उपाय निघाला. टोकातच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड भरायचे, ते हळूहळू झिरपते आणि सूज आवरते. टोकावर टायटॅनियम नायट्राइडसारखा खडबडीत लेप दिला की स्पर्शाची जागा अनेक पटींनी वाढते, आणि डबीला हृदयाचा बारीक इशाराही नीट ऐकू येतो. हृदय आपण होऊन धडधडले तर डबी गप्प बसते. आम्हा कवींना हे जमत नाही.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला. पुढे त्यांना एकूण 26 उपकरणे लागली, आणि ते 2001 साली, 86 व्या वर्षी वारले.

आमच्याकडे दुसरी डबीसुद्धा घराला जड जाते. म्हणून मावशींना मी तपासणीच्या तारखेचे बजावले. सुरुवातीला डबी मुद्दाम जोरात ठेवलेली असते. दोन-तीन महिन्यांनी जखम शमली की डॉक्टर तो जोर कमी करतात. स्वतःच कमी करणाऱ्या डब्याही आहेत, पण सगळ्यांच्या वाट्याला त्या येत नाहीत. सोयाबीनच्या सवंगणीत तारीख हुकली, तर वीज वर्षानुवर्षे उगाच जात राहते.