चेहरा न दाखवता विद्यादान
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मोबाइलवर व्हिडिओ करून तो यूट्यूबवर ठेवणे हे तरुणांचे काम, असा आपला समज आहे. घरातील वडीलधाऱ्यांना किंवा सुनांना याविषयी विचारले, म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळते, "आम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवत नाही." या संकोचाची मी थट्टा करणार नाही. परक्यांनी आपल्या रूपावर शेरे मारावेत, हे कोणास रुचेल? परंतु या संकोचापायी पुष्कळ विद्या घरातल्या घरात लोपत आहे. चेहरा न दाखवताही ती जतन करता येते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील सलमान खान या गृहस्थांचे उदाहरण घ्या. २००४ साली ते बोस्टनला राहून दूरच्या गावी असलेल्या नात्यातील एका मुलीला फोनवरून गणित शिकवीत. विद्यार्थी वाढले, तेव्हा २००६ पासून त्यांनी आपले पाठ यूट्यूबवर ठेवले. त्यांत काळा पडदा, त्यावर उमटणारी रंगीत अक्षरे आणि शांत आवाज, एवढेच असे. त्या मुलांना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा हे पाठ अधिक आवडले. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येई आणि दुसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटत नसे. याच पाठांतून पुढे खान अकॅडमी ही संस्था उभी राहिली.

आता आपल्याकडे पाहू. मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांनी बोरूने एकेक अक्षर गिरवावे आणि फक्त हात व कागद दिसावा. पावकी, निमकी, दीडकी ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांनी त्या म्हणाव्यात आणि पडद्यावर आकडे यावेत. आजीबाईंनी गोधडीचा टाका घालून दाखवावा. यांत चेहऱ्याची गरज कोठे आहे?

साधनेही फार लागत नाहीत. फोन स्टँडला लावून भिंग वरून कागदाकडे करावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डावीकडे घ्यावी, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. शाळेत बाके मांडताना आम्ही हाच नियम पाळीत असू. पंखा बंद ठेवावा. सांगावयाचे ते आधी लिहून काढावे, आणि चित्र व आवाज एकाच वेळी जमत नसेल, तर आवाज मागाहून भरावा. प्रेक्षक थोडे अंधुक चित्र सोसतो, अस्पष्ट बोलणे सोसत नाही.

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. चेहरा झाकला म्हणून जबाबदारी झाकता येत नाही. दुसऱ्याचा पाठ उचलून त्यास यंत्राचा आवाज जोडणे हे विद्यादान नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले दृश्य खऱ्यासारखे भासत असेल, तर तसे सांगितलेच पाहिजे, असा यूट्यूबचाही २०२४ पासून नियम आहे.

आणि नावाचे काय? १९४९ च्या 'महल' चित्रपटात पडद्यावर मधुबाला होती, गळा लता मंगेशकरांचा होता. पण आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेवर 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले गेले. आज घरोघर तसेच होण्याचा संभव आहे. हात आजीचे, आवाज आजीचा आणि खाली नाव नातवाचे! तरुणांनो, तिची संमती घ्या, आणि तिची इच्छा असेल तर तिचे नाव पहिल्या ओळीत लिहा. घरचा पत्ता मात्र कोठेही देऊ नका.

पुढील मेळाव्यापर्यंत प्रत्येक घराने असा एक तरी पाठ तयार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.